लघुवराह : घरात डुक्कर पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

मनुष्याने डुक्कर माणसाळवल्याला नऊ ते दहा हजार वर्षे झाली. मांस, चरबी, कातडे आणि केस यांसाठी तो ते पाळत आला. घराच्या उंबरठ्याच्या आत, नाव ठेवून, केवळ सोबतीसाठी डुक्कर बाळगण्याची रीत मात्र प्रामुख्याने गेल्या चाळीस वर्षांतली आहे. उत्तर अमेरिकेत तिने मूळ धरले, पुढे ती ब्रिटन, जपान, चीन अशी पसरत गेली. या रीतीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप अस्वच्छतेचा असतो आणि तो शास्त्राला धरून नाही. डुक्कर घरात आणण्यापूर्वी दहादा विचार करावा अशी जी कारणे आहेत, ती त्याच्या दोषांपेक्षा गुणांतून निघतात. त्याची बुद्धी, बळ, दीर्घायुष्य आणि स्वतंत्र वृत्ती हीच घरधन्याच्या कसोटीची स्थळे होत.

पाळीव डुकराला प्राणिशास्त्रात सुस डोमेस्टिकस असे नाव आहे. काही तज्ज्ञ त्याला सुस स्क्रोफा या रानडुकराची उपजाती मानतात. समखुरी गणातील सुइडी कुलात त्याचा समावेश होतो. त्याच्या प्रत्येक पायाला चार बोटे असतात, पण शरीराचा भार मधली दोनच उचलतात. गाय, शेळी यांच्या गणातला असूनही हा प्राणी रवंथ करीत नाही. त्याचे जठर एककप्पी असते आणि आहार मनुष्याप्रमाणेच सर्वभक्षी. प्रौढ डुकराला ४४ दात असतात, म्हणजे अपरायुक्त सस्तन प्राण्यांचा मूळ दंतसंच त्याने अखंड राखलेला आहे. नराचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात. पाळणाऱ्याला हे लक्षात ठेवावे लागते, कारण ते ठरावीक काळाने कापून घ्यावे लागतात.

डुक्कर किमान दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवले गेले, एकदा आजच्या तुर्कस्तानच्या पूर्वेकडील अनातोलियात आणि एकदा चीनमध्ये. पश्चिम आशियातील आद्य शेतकरी युरोपात गेले तेव्हा त्यांनी आपली डुकरेही नेली. तेथील रानडुकरांशी त्यांचा इतका संकर झाला की मूळ पश्चिम आशियाई वंशाचा अंश पुढे अगदी थोडा उरला. रानाशी असलेले हे नाते आजही पुरते तुटलेले नाही. शिवाय कुत्र्याची निवड माणसाबरोबर काम करण्यासाठी झाली, डुकराची निवड वाढ, वजन आणि पिलांची संख्या पाहून झाली. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे मन ओळखणारे डुक्कर हजारो वर्षांत कोणी मुद्दाम निवडले नाही. पुढचे पुष्कळसे या एका गोष्टीवरून समजते.

पाळीव लघुवराहांचा आधुनिक इतिहास व्हिएतनामच्या उत्तर भागातील तांबड्या नदीच्या त्रिभुज प्रदेशात सुरू होतो. तेथील ‘ई’ नावाची जात काळी, सुरकुतलेल्या तोंडाची, पाठीत खोलगट आणि जमिनीला टेकणाऱ्या पोटाची आहे. भाताचा कोंडा आणि पाणवनस्पती यांवर ती वाढे. कॅनडातील कीथ कॉनेल यांनी १९८५ मध्ये या प्रकारची डुकरे प्राणिसंग्रहालयांसाठी आणवली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांची संतती अमेरिकेत खासगी घरांत पोहोचू लागली. इंग्रजीत ‘पॉटबेलीड पिग’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या प्राण्याला मराठीत लंबोदर वराह म्हणता येईल. सुरुवातीला एकेका पिलाला हजारो डॉलर मोजले गेले. पैदास वाढली तशी काही वर्षांतच किंमत शेकड्यांवर उतरली आणि नको झालेली डुकरे आश्रयस्थानांत जमू लागली. खुद्द व्हिएतनाममध्ये शेतकरी झपाट्याने वाढणाऱ्या विदेशी जातींकडे वळले आणि शुद्ध ‘ई’ डुक्कर दुर्मिळ होऊन बसले.

या प्राण्याला ‘लघु’ म्हटले गेले ते कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मांसासाठी पाळलेले यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीचे पूर्ण वाढलेले डुक्कर अडीचशे-तीनशे किलो भरते. त्याच्या शेजारी पन्नास ते नव्वद किलोंचे लंबोदर डुक्कर लहानच दिसणार. घरातल्या सोफ्याच्या मापाने ते लहान नसते. हॉलिवूडचे अभिनेते जॉर्ज क्लूनी यांनी १९८८ मध्ये घेतलेले मॅक्स नावाचे लंबोदर डुक्कर अठरा वर्षे जगून २००६ च्या डिसेंबरात मरण पावले. त्याचे वजन एकशेतीस किलोंच्या पुढे गेले होते. वय आणि वजन या दोन आकड्यांपुरते हे उदाहरण फार बोलके आहे. चांगल्या निगेत लघुवराह पंधरा वर्षे सहज जगतो. पिलू आणण्याच्या वेळी पहिलीत असलेले मूल त्या डुकराच्या म्हातारपणी पदवीधर होऊन घराबाहेर पडलेले असेल.

इतर लहान जातींचा हेतू बहुधा वेगळाच होता. जर्मनीतील गटिंगन विद्यापीठात १९६० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा लघुवराह, व्हिएतनामी लंबोदर आणि जर्मन लँडरेस यांच्या संकरातून गटिंगन लघुवराह तयार करण्यात आला. तो प्रयोगशाळेसाठी होता. डुकराची त्वचा, हृदय आणि पचनसंस्था मानवी शरीराशी बरीच मिळतीजुळती असते, म्हणून औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्यांत त्याला महत्त्व आले. अडीचशे किलोंच्या प्राण्याला ठेवायला जागा आणि टोचायला औषध दोन्ही भारी पडत, म्हणून साधारण पस्तीस-चाळीस किलोंवर थांबणारा वंश घडवला गेला. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे कुनेकुने हे गोलमटोल, केसाळ, हनुवटीखाली लोलक असलेले डुक्कर गवत चरून राहते आणि स्वभावाने शांत असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या जातीची अवघी पन्नासच्या आसपास शुद्ध डुकरे उरली होती. दोघा प्राणिप्रेमींनी थोड्याशा डुकरांवरून संवर्धन सुरू केले आणि जात वाचली. ठिपकेदार ज्युलियाना ही आणखी एक लहान जात होय. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर प्रवाशांचा ताण हलका करणाऱ्या प्राण्यांच्या पथकात २०१६ मध्ये दाखल झालेली लिलू नावाची डुकरीण याच जातीची होती.

‘टीकप’, ‘मायक्रो’, ‘नॅनो’ या नावांनी विकली जाणारी डुकरे मात्र कोणतीही मान्य जात नव्हे. ती विक्रेत्यांनी लावलेली विशेषणे आहेत. त्यांच्यामागची युक्ती डुकराच्या शरीरधर्मावरच बेतलेली असते, म्हणून ती समजून घेणे उपयोगाचे आहे. लहान जातीचे डुक्कर तीन ते सहा महिन्यांत प्रजननक्षम होते, पण त्याच्या हाडांतील वर्धनपट्ट्या बंद होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. विक्रेता ‘पिलाचे आई-बाप पाहून घ्या’ म्हणून जे जोडपे दाखवतो, ते स्वतःच अर्धवट वाढलेले असू शकते. ग्राहकाला खोटे काही दाखवले जात नाही, तरी त्याची पुरती फसगत होते. दुसरा उपाय अधिक निष्ठुर आहे. पिलाला मुद्दाम अर्धपोटी ठेवण्याचा सल्ला देऊन त्याची वाढ खुंटवली जाते. अशा डुकराचा सांगाडा खुरटतो, अवयवांवर ताण येतो आणि आयुष्य घटते.

कॅनडातील एस्थर नावाच्या डुकरिणीची कथा जगभर गाजली ती अशाच फसगतीमुळे. २०१२ मध्ये लघुवराह समजून दोन तरुणांनी ती घरी आणली, ती निघाली मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या साध्या जातीची, आणि तिचे वजन पावणेतीनशे किलोंच्या वर गेले. त्यांनी तिला टाकले नाही. ऑन्टॅरिओत शेत घेऊन प्राण्यांचे आश्रयस्थान काढले. प्रत्येक ग्राहकाला शेत घेणे शक्य नसते, हे वेगळे सांगायला नको. पिलाचे गोजिरवाणे रूप किती क्षणिक असते याचा एक पुरावा चित्रपटसृष्टीतही सापडतो. १९९५ च्या ‘बेब’ या चित्रपटात पडद्यावर एकच पिलू दिसते, पण चित्रीकरण चालू असताना पिले मापाबाहेर वाढत गेल्यामुळे त्या एका भूमिकेसाठी ४८ डुकरे वापरावी लागली.

आकाराच्या प्रश्नावर विज्ञानानेही एक तोडगा काढून पाहिला. चीनमधील शेन्झेन येथील बीजीआय या जनुकसंशोधन संस्थेने बामा नावाच्या लहान जातीच्या डुकरांतील वाढसंप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक निकामी करून सुमारे पंधरा किलोंवर थांबणारे डुक्कर निर्माण केले. २०१५ मध्ये संस्थेने ते दहा हजार युआनला पाळीव प्राणी म्हणून विकण्याचा मनोदय जाहीर केला. जगभर चर्चा झाली, आक्षेप आले, आणि पुढे विक्रीचा बेत सोडून देण्यात आला. निसर्गाने स्वतः घडवलेले सर्वांत लहान डुक्कर आपल्याच देशात आहे. आसामच्या मानस परिसरातील उंच गवताच्या प्रदेशात राहणारे बटुवराह जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच आणि सहा ते दहा किलो वजनाचे असते. ब्रायन हॉजसन यांनी १८४७ मध्ये त्याचे वर्णन केले. नंतर ते नष्ट झाले असे मानले जात होते, पण १९७१ मध्ये पुन्हा आढळले. १९९६ पासून बंदिस्त पैदास करून त्याला पुन्हा गवताळ रानात सोडण्याचे काम चालू आहे. ‘खराखुरा लहान वराह’ म्हणून कोणाला त्याचा मोह पडलाच, तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे एवढे सांगणे पुरेसे आहे.

आता बुद्धीविषयी. डुक्कर हुशार असते, हे विधान सर्वत्र आढळते. ती हुशारी कोणत्या प्रकारची, हे मात्र क्वचित सांगितले जाते. अमेरिकेत स्टॅन्ली कर्टिस यांनी १९९० च्या दशकात डुकरांना सोंडेने दांडा हलवून संगणकाच्या पडद्यावरील ठिपका लक्ष्यापर्यंत नेण्यास शिकवले. कँडेस क्रोनी आणि सारा बॉयसन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रकारच्या अभ्यासात हॅम्लेट, ऑम्लेट, एबनी आणि आयव्हरी अशी चार डुकरे होती. हाताऐवजी सोंड आणि डोक्याच्या दोन बाजूंना डोळे अशी अडचण असूनही चौघांनाही त्या खेळातला कार्यकारणभाव काही प्रमाणात उमगला. केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रूम यांच्या गटाने २००९ मध्ये आरशाचा प्रयोग केला. आरशाशी काही तास परिचय झालेल्या आठ पिलांपैकी सातांनी आरशात दिसलेले अन्नपात्र आडोशाला वळसा घालून शोधून काढले. आरशामागे अन्न धुंडाळण्याच्या फंदात ती पडली नाहीत.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग बुडापेस्टचा आहे. तेथील ऑटवश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी घरात वाढलेले लघुवराह आणि घरात वाढलेली कुत्री यांची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंद डब्यातले खाद्य मिळवण्याची संधी दोघांना दिली गेली. डबा उघडता येत होता तोवर डुकरे कुत्र्यांपेक्षा चपळाईने काम करीत होती. नंतर तो उघडणे अशक्य करण्यात आले. कुत्री काही वेळाने शेजारच्या माणसाकडे वळून पाहू लागली, डुकरे स्वतःच खटपट करीत राहिली. माणसाच्या सहवासात वाढूनही डुकराने माणसाला मदतनीस मानले नाही. कुत्र्याची हुशारी आपल्याशी संवाद साधते म्हणून ती आपल्याला सुखावते. डुकराची हुशारी त्याच्या स्वतःच्या कामासाठी असते, आणि ते काम बहुधा अन्नाशी निगडित असते.

घरात याचा परिणाम कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. फ्रिजचे दार, कडी, धान्याच्या डब्याचे झाकण यांची रचना लघुवराह निरीक्षणाने शिकतो आणि एकदा शिकलेले विसरत नाही. तो मागून खातो, मग हट्टाने मागतो आणि हट्ट पुरवला गेला की पुढच्या वेळी अधिक जोराने मागतो. कळपात उतरंड असते आणि एक ते तीन वर्षांच्या वयात तो ती तपासू लागतो. घरातल्या माणसांनाही कळपातच धरत असल्यामुळे पाहुणे, लहान मुले, कधी घरातली म्हातारी माणसे यांच्यावर मान झटकून धावून जातो. एकट्या वाढलेल्या डुकरांत हे विशेष दिसते. त्याला मारून प्रश्न सुटत नाही, कारण डुक्कर अवमान आणि भय दोन्ही दीर्घकाळ लक्षात ठेवते. शांतपणे त्याला मागे सरकवणे, अन्न हातातून न देणे आणि दिवसभर पुरेल असे खोदकाम देणे, हे उपाय जाणकार सांगतात.

डुकराचा आवाजही या संदर्भात नोंदवला पाहिजे. चिडलेल्या किंवा उचललेल्या डुकराची किंकाळी शंभर डेसिबलच्या पलीकडे जाते, आणि डुकराला उचललेले मुळीच आवडत नाही, कारण रानात पिलाला वर उचलतो तो शिकारीच. उलट समाधानाचे हुंकार लहान आणि खालच्या पट्टीतले असतात. कोपनहेगन विद्यापीठातील एलोडी ब्रीफर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ४११ डुकरांच्या सात हजारांहून अधिक आवाजांचे विश्लेषण करून, आवाजावरून प्राणी सुखात आहे की कष्टात हे नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकपणे ओळखता येते असे दाखवले. सदनिकेतल्या शेजाऱ्यांना या शास्त्रात रस असण्याची शक्यता कमी आहे.

अस्वच्छतेचा समज शरीरशास्त्राने सहज दूर होतो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मार्ग म्हणजे चिखलात लोळणे, म्हणजेच पंकस्नान. चिखलातले पाणी सावकाश वाळते, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा तो अधिक वेळ गारवा देतो, शिवाय ऊन आणि कीटक यांपासून त्वचेचे रक्षण करतो. निवड असेल तर डुक्कर झोपण्याच्या जागेपासून दूर, एका ठरलेल्या कोपऱ्यात मलविसर्जन करते. याच सवयीमुळे त्याला ठरावीक जागी जाण्याची शिस्त लवकर लावता येते. मोठ्या डुकराला वीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, तिशीच्या पुढे त्याला ताण जाणवू लागतो. कोकणाची दमट हवा किंवा विदर्भाचा वैशाख त्याला निभावून न्यायचा असेल, तर दाट सावली, ओली माती आणि अखंड पाणी यांची सोय आधी हवी. पंख्याखालची फरशी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

सोंड हे डुकराचे मुख्य ज्ञानेंद्रिय आणि हत्यारही आहे. तिच्या टोकाच्या चकतीला आतून स्वतंत्र हाडाचा आधार असतो, म्हणून ती कठीण जमीन उकरू शकते आणि त्याच वेळी शेंगदाण्याचा दाणाही चाचपून वेचू शकते. २०१२ मध्ये डुकराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात वासाच्या ग्राहींची सुमारे तेराशे जनुके आढळली. इटली व फ्रान्समध्ये जमिनीखालचे ट्रफल कवक शोधण्यासाठी डुकरिणींचा उपयोग होत असे. मात्र त्या सापडलेला माल स्वतःच खात आणि कवकाची जमीनही उद्ध्वस्त करीत, म्हणून इटलीने १९८५ मध्ये ही पद्धत बंद केली. उकरणे ही डुकराची खोड नाही, गरज आहे. बाग असेल तर हिरवळ जाते, बाग नसेल तर गालिचा, गादी आणि भिंतीचा गिलावा. मोठ्या पसरट खोक्यात गुळगुळीत गोटे भरून त्यांत खाद्याचे दाणे विखुरले, तर घरातल्या घरात ही गरज थोडीफार भागते.

आहाराबाबत एक गैरसमज जुना आहे, तो म्हणजे डुकराला काहीही चालते. बाजारात मिळणारे वराहखाद्य सहा महिन्यांत शंभर किलो वजन भरावे या हिशेबाने तयार केलेले असते. पंधरा वर्षे जगवायच्या प्राण्याला ते घातक ठरते. लठ्ठ झालेल्या लंबोदर डुकराच्या भुवयांवरची चरबी डोळ्यांवर उतरते आणि त्याला दिसेनासे होते, सांधे निकामी होतात. दिवसाला शरीराच्या वजनाच्या एक ते दीड टक्का एवढे कमी ऊर्जेचे, तंतुमय कोरडे खाद्य आणि सोबत पालेभाज्या, गवत, भोपळा एवढे पुरते. फरसाण, लोणचे, वेफर्स, पापड वर्ज्य. खारट खाल्ल्यावर पाणी कमी पडले, तर डुकराच्या मेंदूला सूज येऊन झटके येतात व ते दगावते. शिळे घरगुती अन्न, विशेषतः मांसमिश्रित, रोगांचे वाहक असल्यामुळे टाळावे. २००१ च्या लाळ-खुरकूत साथीनंतर ब्रिटनने स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न डुकराला घालण्यास कायद्याने मनाई केली, आणि ती मनाई एकुलत्या पाळीव डुकरालाही लागू आहे.

रोगांच्या बाबतीत भीती आणि वस्तुस्थिती यांची गल्लत होते. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ने पुण्यात जो हाहाकार उडवला, तो विषाणू माणसाकडून माणसाला लागत होता, भारतीय डुकरांचा त्या प्रसाराशी संबंध नव्हता. फीतकृमीचे चक्र माणसाच्या विष्ठेवाचून पूर्ण होत नाही. डुकराला उघड्यावरची विष्ठा खायला मिळते तेथेच त्याच्या मांसात कृमीच्या अळ्या तयार होतात, म्हणून स्वच्छ आहारावर घरात ठेवलेल्या डुकराकडून तो धोका नगण्य असतो. जपानी मेंदुज्वराची गोष्ट निराळी आहे. डुकराच्या रक्तात त्या विषाणूची संख्या झपाट्याने वाढते आणि भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत नेतात. भातशेतीच्या प्रदेशात डुक्कर पाळणाऱ्याने डासांचा बंदोबस्त आणि मुलांचे लसीकरण गंभीरपणे घ्यावे. आफ्रिकन वराहज्वर भारतात २०२० मध्ये प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांना जवळजवळ हमखास मारतो, आणि साथीच्या क्षेत्रात निरोगी दिसणारी डुकरेही नष्ट करण्याचा आदेश निघू शकतो. पाळीव डुकराला त्यातून सूट मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

वैद्यकीय सेवा हा प्रश्न प्रत्यक्षात बहुतेकांना नंतर सुचतो. तो पहिला असायला हवा. शहरातले पशुवैद्य मुख्यतः कुत्री-मांजरे पाहतात. डुकराच्या शिरा चरबीखाली दडलेल्या असतात, कानाखेरीज त्या सहज सापडत नाहीत, आणि भूल देणे जोखमीचे असते. तरीही शस्त्रक्रिया टाळता येत नाही. निर्बीजीकरण न केलेला नर उग्र वासाचा आणि आक्रमक होतो. मादी दर एकवीस दिवसांनी माजावर येऊन अस्वस्थ होते आणि उतारवयात तिच्या गर्भाशयात गाठी होण्याचे प्रमाण मोठे असते. खुरे आणि सुळे कापणे, स्वाइन फिव्हरची लस, जंतनाशक औषधे हे सारे आयुष्यभराचे काम आहे. डुकरावर हात बसलेला पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर नसेल, तर तेवढ्या एका कारणाने नकार द्यावा, असे मला वाटते.

कायद्याच्या नजरेत पाळीव डुक्कर बहुतेक देशांत पशुधनच राहते. ब्रिटनमध्ये एक जरी डुक्कर ठेवायचे तरी जागेची आणि प्राण्याची सरकारी नोंद करावी लागते. त्याला रस्त्याने फिरवायचे असेल तर मार्ग मंजूर करून घेऊन वेगळा परवाना काढावा लागतो. न्यूयॉर्क शहराची आरोग्यसंहिता घरात डुक्कर ठेवू देत नाही. आपल्याकडे शहरांतून डुक्कर ठेवण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, आणि सोसायटीची संमती हा त्याहून कठीण टप्पा असतो. ग्रामीण भागात एक वेगळी चूक घडते. उसाच्या फडात किंवा रानाच्या कडेला सापडलेली रानडुकराची पट्टेदार पिले कोणी हौसेने घरी आणतो. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, ते पकडणे व बाळगणे गुन्हा आहे, आणि पूर्ण वाढलेला नर जीवघेणा ठरू शकतो.

सामाजिक बाजू महाराष्ट्रात आणि गोव्यात एकसारखी नाही. रामटेकच्या गडावर वाकाटककालीन भव्य वराहमूर्ती पूजनीय आहे, आणि त्याच समाजात गावडुक्कर हा तिरस्काराचा विषय आहे. इस्लाममध्ये डुक्कर निषिद्ध असल्याने मिश्र वस्तीत ते पाळण्याआधी शेजाऱ्यांचा विचार करणे हा साधा विवेक ठरतो. वडार, कैकाडी अशा ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे सांभाळली, त्यांच्या अनुभवाची कोठे नीट नोंद झाली नाही, आणि शहरी हौशी मंडळी तोच अनुभव परदेशी चित्रफितींत शोधतात. गोव्यात डुक्कर परसातला नेहमीचा प्राणी आहे. तेथील काळसर ‘आगोंदा गोवन’ या जातीची करनालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्युरोने अधिकृत देशी जात म्हणून नोंद केली आहे. उष्ण-दमट हवेत टिकणारी ही जात आहे, पण सोबतीचा प्राणी म्हणून तिची निवड कधीच झालेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती आणि २०१२ च्या तुलनेत ती बारा टक्क्यांनी घटली होती. त्यांतली सर्वाधिक आसामात आहेत. पशुवैद्यकांचा डुकरांविषयीचा अनुभवही साहजिकच तिकडे एकवटलेला आहे.

मग डुक्कर पाळावे कोणी? सदनिकेत राहणाऱ्याने पाळू नये, भाड्याच्या घरात तर नाहीच. दिवसभर घर बंद असणाऱ्यांनी, आणि घरात मोठा शिकारी वृत्तीचा कुत्रा असणाऱ्यांनीही हा नाद सोडावा, कारण कुत्रा शिकारी आणि डुक्कर भक्ष्य हे नाते सहवासाने पुसले जात नाही. स्वतःची कुंपण घातलेली जमीन, झाडांची सावली, चिखलाचा खड्डा, वर्षभर पाणी आणि ओळखीचा पशुवैद्य एवढी सामग्री ज्याच्याकडे आहे, त्याने एक नव्हे, दोन डुकरे पाळावीत. डुक्कर कळपात राहणारा प्राणी आहे. दुसऱ्या डुकराच्या अंगाला अंग लावून झोपणे ही त्याची गरज असून कोणताही प्रेमळ माणूस ती भागवू शकत नाही. खर्च दुप्पट होतो, पण स्वभावाच्या तक्रारी निम्म्याहून कमी होतात, असा परदेशी आश्रयस्थानांचा अनुभव आहे.

पिलू विकत घ्यायचेच असेल, तर आई-बापांचे वय किमान चार-पाच वर्षे असल्याची खात्री करावी, सहा ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिलू घेऊ नये आणि वजनाची लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील मराठी कुटुंबांना याहून चांगला मार्ग खुला आहे. तेथील आश्रयस्थाने ‘टीकप’ म्हणून विकत घेऊन नंतर सोडून दिलेल्या प्रौढ, निर्बीजीकरण झालेल्या डुकरांनी भरलेली आहेत. अशा डुकराचे अंतिम वजन, स्वभाव आणि सवयी आधीच ठाऊक असतात. काही आश्रयस्थाने घर व कुंपण पाहूनच दत्तक देतात आणि जुळणाऱ्या जोड्या वेगळ्या करीत नाहीत. भारतात लघुवराह म्हणून जी पिले विकली जातात, त्यांच्या वंशाची खातरजमा करण्याची सोय सामान्य ग्राहकाकडे नसते. म्हणून येथे डुक्कर पाळू इच्छिणाऱ्याने ते पूर्ण वाढलेल्या यॉर्कशायरएवढे होईल असे धरूनच कुंपण आखावे.